तारीख नीट बघा

वर एका दादांनी लिहिलंय, कायदा नंतर आला की आधीच्या भेदभावाला तो लागूच होत नाही, विषय संपला. इतकं सोपं नाही दादा.

माझी वहिनी वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला होती. पहिलंच बाळंतपण, 2017 च्या फेब्रुवारीत 12 आठवड्यांची रजा सुरू झाली. 1 एप्रिलपासून कायद्यानं 26 आठवडे झाले. ऑफिसातून उत्तर आलं, 'तुमचा अर्ज जुन्या कायद्यातला.' लाल पेनानं 12 ला गोल केलेला तो अर्ज अजून आमच्या कपाटात आहे. खरं तर केंद्रीय कामगार मंत्रालयानं त्याच एप्रिलमध्ये खुलासा केला होता, 1 एप्रिलला जी रजेवर आहे तिलाही वाढीव रजा मिळेल. जालन्याच्या वकिलांनी तो कागद दाखवला, तोवर वहिनी तीन महिन्यांचं लेकरू आईपाशी ठेवून पाळीला जायला लागली होती. त्याचा राग आजही जात नाही.

जी आधीच रजा संपवून कामावर रुजू झाली, तिला मात्र ते मिळालं नाही.

अमेरिकेतही दोन्ही बाजू दिसतात. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा 1991 चा नागरी हक्क कायदा आधीच्या प्रकरणाला लावायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1994 मध्ये नकार दिला. पण कमी पगार दिला म्हणून कंपनीवर खटला भरणाऱ्या लिली लेडबेटर बाईंच्या नावाचा समान पगाराचा कायदा 2009 मध्ये झाला आणि संसदेनं त्यातच लिहिलं की तो 28 मे 2007 पासून लागू. म्हणजे बाई खटला हरल्या त्याच्या आदल्या दिवसापासून! त्यामुळे कायद्याचं नाव ऐकून थांबू नका, अंमलाचं कलम वाचा.