मदत हवी आहे: गळा दाबल्यानंतर 9व्या दिवशी मृत्यू, कॅरोटिड डिसेक्शनचं (मानेतल्या मुख्य धमनीच्या भिंतीतल्या फाटीचं) वय कसं ठरवू?

न्यायवैद्यकशास्त्राची रेसिडेंट आहे. हाताने गळा दाबल्याचा इतिहास, पहिले पाच दिवस रुग्ण चालता-बोलता, 6व्या दिवशी उजवी बाजू लुळी, 9व्या दिवशी मृत्यू. शवविच्छेदनात डाव्या मेंदूत मोठं इन्फार्क्ट (रक्तपुरवठा थांबून मेलेला भाग) आणि डाव्या इंटर्नल कॅरोटिडमध्ये डिसेक्शन व थ्रॉम्बस (रक्ताची गुठळी) मिळाला. बाहेरून मानेवर जवळपास काहीच नाही, म्हणूनच जास्त काळजी वाटते.

मेंदू आणि छातीतले अवयव आधी काढून, रक्त निथळू देऊन मान थराथराने उघडली. हायॉइड (गळ्यातलं छोटं हाड) शाबूत, स्नायूंत थोडा जुना रक्तस्राव. मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) घातलेली नव्हती. हृदयात गुठळी नाही. धमनी फॉर्मलिनमध्ये अखंड ठेवली आहे, अजून कापलेली नाही. इलास्टिक, अल्शियन ब्ल्यू आणि पर्ल्स (लोह दाखवणारं) स्टेनिंग करायचं ठरवलंय. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया (धमनीच्या भिंतीचा एक आजार) किंवा मीडियाचा (भिंतीच्या मधल्या थराचा) आधीचा आजार त्यातून बघेन.

अडचण अशी की हिमोसिडरिन (रक्तस्रावानंतर उरणारं लोहयुक्त रंगद्रव्य) साधारण दोन-तीन दिवसांतच दिसू लागतं. म्हणजे पर्ल्स पॉझिटिव्ह आलं तरी फाट गळा दाबल्याची नसून 6व्या दिवशीची असू शकते, आणि बचाव पक्ष नेमकं तेच विचारणार. 3 दिवसांची आणि 9 दिवसांची फाट वेगळी सांगायला थ्रॉम्बसच्या कडेचे फायब्रोब्लास्ट (जखम भरून काढणाऱ्या पेशी) आणि नव्या केशिका पुरेसा आधार देतात का, आणि त्यासाठी सेक्शन नेमके कुठून घ्यावेत?