युरी मांगा: प्रेम आहे, मग ओळख का टाळतात?

रानजाई

(पुढे कथानक उघड केलं आहे. ‘ब्लूम इन्टू यू’ वाचायची असेल तर जपून.)

युरी, म्हणजे दोन मुलींच्या किंवा बायकांच्या प्रेमाची जपानी मांगा (चित्रकथा), मी इंग्रजी अनुवादातून भरपूर वाचते. तरी एक तक्रार मनात साचत गेली आहे.

निओ नाकातानी यांची ‘ब्लूम इन्टू यू’ २०१५ ते २०१९ या काळात आली, ८ खंड. युऊला प्रेमात पडणं म्हणजे काय तेच उमगत नाही. तोको तिच्या प्रेमात पडते आणि वर अट घालते की तू मात्र माझ्या प्रेमात पडायचं नाहीस. मनाचे पदर उलगडण्यात नाकातानींचा हात धरणारं कोणी नाही, हे आधीच कबूल. पण ८ खंड संपतात, दोघी कॉलेजात जातात, बोटांत अंगठ्या येतात, आणि ‘मला मुलगीच आवडते, तर माझं आयुष्य कसं असणार’ या प्रश्नावर दोघी जेमतेम क्षणभर थांबतात. प्रेम आहे ते ‘तुझ्यावर’. बाकीचं जग दाराबाहेर.

ही सवय जुनी आहे. नोबुको योशिया यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या कथा १९१६ पासून मुलींच्या मासिकात येऊ लागल्या. त्या काळात शाळकरी मुलींमधल्या अशा जवळिकीला ‘एस’ म्हणत आणि घरचे चालवून घेत, कारण लग्न ठरलं की ते आपोआप संपणार हे सगळ्यांनी धरलेलंच असे. खुद्द योशिया मात्र चियो मोनमा या जोडीदारणीबरोबर ५० वर्षं राहिल्या. लग्नाची सोय नव्हती, म्हणून १९५७ मध्ये तिला कायद्याने दत्तक घेतलं. लेखिका हे आयुष्य जगली आणि तिच्या मागून आलेला साहित्यप्रकार कितीतरी वर्षं शाळेच्या फाटकाबाहेर पडायलाच तयार नव्हता! एरिका फ्रीडमन या अमेरिकन समीक्षिका युरीबद्दल म्हणतात की त्यात लेस्बियन प्रेम असतं, लेस्बियन ओळख नसते. मला ते पटतं, आणि म्हणूनच राग येतो. वाचणाऱ्या मुलीला प्रेम दाखवायचं आणि पुढची वाट दाखवायची नाही, हे अर्ध्यावर सोडून देणं आहे.

कोरा कागद

रानजाई, तळमळ पोचली, पण उदाहरण चुकीचं निवडलंस. ‘ब्लूम इन्टू यू’ ओळखीचीच गोष्ट आहे.

तोको आपल्या मेलेल्या बहिणीची नक्कल करत जगते आहे. विद्यार्थी मंडळाचं नाटक आठव. स्मृती गेलेली मुलगी, आणि तीन माणसं तिला ‘तू अशी होतीस’ म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. युऊची मैत्रीण कोयोमी हिने लिहिलेल्या पहिल्या शेवटात ती त्यांतली एक निवडते. युऊ हट्टाने तो शेवट बदलून घेते. मुलगी तिघांपैकी कोणाचीच होत नाही, आज जी आहे ती राहते. याहून ओळखीबद्दल आणखी काय लिहायचं?

आणि सायाकाला, तोकोवर मनातून प्रेम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, तू अख्ख्या पोस्टमध्ये कुठे ठेवलंस? मुलींच्या शाळेत असताना एक मोठी मुलगी आपणहून तिच्या मागे लागते. पुढे ‘आता आपण लहान नाही, हे खेळ पुरे’ म्हणून सोडून देते. काही वर्षांनी अचानक भेटते आणि चक्क माफी मागते, की माझ्यामुळे तू भलत्या वाटेला लागलीस, आता सुधारली असशील ना. सायाका काय करते? शेजारी उभ्या तोकोच्या हातात हात अडकवते आणि निघते. मग कॅफेवाली मियाको तिला भेटते, जी स्वतः एका शिक्षिकेबरोबर राहते. सायाकाला पहिल्यांदाच एक मोठी बाई दिसते जी हे आयुष्य साधेपणाने, दुकान चालवत, जगते आहे.

तू ‘एस’बद्दल जे लिहिलंस तेच त्या मोठ्या मुलीच्या तोंडी आहे. नाकातानींनी तो जुना समज तिच्या तोंडी घातला आणि सायाकाकडून त्याला पाठ फिरवायला लावली. वाट दाखवली नाही असं कसं म्हणतेस?

मृद्गंध

मी पुरुष आहे, आणि मला शाळेतली युरी आवडते हे इथे सांगताना जरा दडपण येतंय. आम्ही चवीने बघायला येतो असा समज असतो. तसे लोक आहेत, नाकारत नाही. ‘कॉमिक युरी हिमे’ हे मासिक २००५ ला सुरू झालं आणि दोनच वर्षांत पुरुष वाचकांसाठी त्याचं वेगळं भावंड निघालं होतं, ते उगाच नाही. पण मला त्या कथांमध्ये जे मिळतं ते मुलगा-मुलीच्या प्रेमकथेत मिळत नाही. तिथे मुलाने पुढाकार घ्यायचा, मुलीने लाजायचं, हे ठरलेलं. इथे दोघींपैकी कोणी काय करायचं ते आधी ठरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक पाऊल विचारून टाकावं लागतं. प्रेमात असं विचारावं लागतं हे मला या मांगांनी शिकवलं.

प्रत्येक गोष्टीत घरच्यांचा विरोध, समाज, कायदा आलाच पाहिजे का? दोन माणसं एकमेकांत रमली आहेत एवढीच गोष्ट असू नये? मुलगा-मुलीच्या कथेला आपण हा हिशेब मागत नाही.

अबोली

तिघांच्याही बोलण्यात न आलेलं काहीतरी मला बोलायचं आहे.

मला कुणाबद्दल प्रेम वाटत नाही. कधीच वाटलेलं नाही. ‘ब्लूम इन्टू यू’च्या सुरुवातीला युऊला एक मुलगा मागणी घालतो आणि ती वाट बघत राहते, की गाण्यांतून, मांगांतून सांगतात तसं पाय जमिनीवरून सुटतील. काहीच होत नाही. ते पान वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. माझ्याबद्दल कुणी लिहिलंय असं पहिल्यांदा वाटलं. मग खंडामागून खंड युऊ ‘बरी’ होत गेली. शेवटी प्रेमात पडली आणि सगळे वाचक टाळ्या वाजवू लागले. तुम्हाला ती प्रेमकथा पूर्ण झाली असं वाटतं, मला माझी माणसं हातची गेली असं वाटतं.

कोरा कागद, तुम्ही विद्यार्थी मंडळातल्या माकीचं नाव घ्याल हे माहीत आहे. त्याला स्वतःला प्रेम नको, इतरांचं बघायला आवडतं, आणि त्याला कोणी सुधारत नाही. ते पात्र घातल्याबद्दल नाकातानींचे आभार. पण तो प्रेक्षकांत बसलेला आहे. मला रंगमंचावर जागा हवी होती.

कोरा कागद

अबोली, माकीचं नाव घेणारच होतो. आता घेत नाही. एवढंच म्हणतो, युऊला मी ‘बरी झाली’ असं कधी वाचलं नाही. तिच्यात आधीपासून होतं ते तिला उशिरा कळलं, असं वाचलं. पण तुम्ही वाचलंत तसंही त्या पानांवरून वाचता येतं, हे खरं.

तिसरी घंटा

युरीतलं मला फार कळत नाही, पुतणीने दोन-तीन मालिका वाचायला दिल्या तेवढंच. मी नाटकवाला. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा करत. कॉलेजातली मुलगी, तिला मुलीबद्दल वाटतं, हे मराठी प्रेक्षकांसमोर उघड मांडणं त्या काळी सोपं नव्हतं. त्या नाटकाबद्दल मला आदर आहे. तरीही बघा, गोष्ट सांगतो बापू, म्हणजे मित्रावर जीव असलेला मुलगा, आणि शेवटी मित्रा जीव देते. ओळख तिथे लख्ख आहे. मित्राला स्वतःबद्दल पुरतं ठाऊक आहे. पण जगायला जागा नाही.

पुतणीने दिलेल्या पुस्तकांत मुली शेवटच्या पानावर जिवंत आणि एकत्र होत्या. रानजाई, तुम्हाला ते अपुरं वाटतं. मला, माझ्या वयाला, ते फार मोठं वाटलं.

रानजाई

तिसरी घंटा, तुमचं म्हणणं मान्य. जिवंत राहणं ही पहिली पायरी आहेच. मी दुसरीबद्दल बोलते आहे.

मृद्गंध, मुलगा-मुलीच्या कथेला आपण हिशेब मागत नाही, कारण त्यांचा हिशेब जगाने आधीच चुकता केलेला असतो. त्यांना घर भाड्याने मिळतं. हॉस्पिटलात सही करता येते. जपानमध्ये समलिंगी लग्नाला कायद्याने मान्यता नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२३ ला तो प्रश्न संसदेवर सोडला. म्हणून या दोघींच्या कथेत भाड्याचं घर हा प्रेमाचाच भाग होतो.

मला काय हवं ते सांगते. साकाओमी युझाकी यांची ‘शी लव्ह्ज टु कुक, अँड शी लव्ह्ज टु ईट’. नोमोतोला खूप स्वयंपाक करायला आवडतो, खाणं मात्र बेताचं. त्याच मजल्यावर राहणारी कासुगा भरपूर खाते. सुरुवातीला एका खाणावळीत कासुगाला भात कमी वाढतात, कारण काय तर बाईमाणूस. ती शांतपणे सांगते, नेहमीएवढाच द्या. नोमोतो चांगलंचुंगलं करते तर ऑफिसातला पुरुष म्हणतो, चांगली बायको होशील. तिला राग येतो, कारण ती स्वतःच्या आवडीसाठी करत असते. मग कासुगाबद्दल काय वाटतंय ते तिच्या लक्षात येतं, आणि ती तिथेच थांबत नाही. शोधते, वाचते, आपण लेस्बियन आहोत हे स्वतःशी मान्य करते. दोघी एकत्र राहायला घर शोधतात तेव्हा दोन बायका म्हणून अडचणी येतात. आणि तरी ही मांगा वाचताना भूक लागते, हसू येतं! २०२२ मध्ये एनएचके या जपानी वाहिनीने त्यावर मालिकाही केली. ओळख आली म्हणून प्रेमातला गोडवा कुठे कमी झाला?

मृद्गंध

मान्य, ती मी वाचली नव्हती. मागवतो. पण नोमोतो नोकरी करते, स्वतःचं भाडं भरते. सोळा वर्षांच्या मुलीने एवढं सगळं समजून घेतलंच पाहिजे ही अपेक्षा मला अजूनही जड वाटते.

नाव_नको

मी लेस्बियन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी राहते, घरी माहीत नाही. सोळाव्या वर्षी मला सगळं समजलेलं होतं. समजलेलं होतं म्हणूनच भीती वाटायची. ‘मुली कोवळ्या असतात, त्यांना काय कळतंय’ हे माझी आईही म्हणते, मृद्गंध, त्यामुळे ते वाक्य मला बोचलं. तुमचा हेतू तसा नसणार.

पण रानजाई, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. काबी नागाता यांची ‘माय लेस्बियन एक्स्पीरियन्स विथ लोनलीनेस’ २०१६ ची, आत्मकथन. त्यात ओळख आहे, नैराश्य आहे, आईच्या मिठीसाठीची तडफड आहे, शेवटी पैसे देऊन एका बाईला भेटणं आहे. ते पुस्तक मी एकदाच वाचू शकले. खरं होतं, फारच खरं होतं. पण ज्या दिवशी घरात स्थळाचा विषय निघतो त्या दिवशी मी ते उघडत नाही. त्या दिवशी मला शाळेचं फाटक लावून घेतलेली, जगाचा वारा न लागलेली गोष्टच हवी असते. तिथे थोडा वेळ कुणी मला काही विचारत नाही. ती पळवाट आहे असं म्हणू नका.

रानजाई

नाव_नको, पळवाट म्हणणार नाही. वाचणारीने काय उघडावं हा माझा प्रश्न नव्हताच, लिहिणाऱ्यांनी काय टाळावं हा होता. विसाव्याची गोष्ट हवीच. फक्त दुकानातलं अख्खं फडताळ तेवढ्याच गोष्टींचं असू नये, एवढा हट्ट मी सोडणार नाही.

कोरा कागद

आता तसं राहिलेलंही नाही. ताकाको शिमुरा यांच्या ‘स्वीट ब्लू फ्लॉवर्स’मध्ये, २००४ पासूनची मालिका, फुमी शाळकरी वयातच आकिरा या मैत्रिणीला सांगते की मला मुली आवडतात. आधी तिच्या चुलतबहिणीनेच तिच्याशी प्रेमाचं नातं जोडून मग लग्न केलेलं असतं, त्या जखमेतून ते बोलणं येतं. कामाकुरातली शाळा, गणवेश, गावातून जाणारी ट्रेन, सगळं तुझ्या त्या फाटकाच्या आतलं, आणि ओळखही तिथेच. दोन्ही एका गोष्टीत बसतं. आधी ही वाच, आणि फुमी सांगते त्या प्रसंगात आकिरा किती वेळ काहीच बोलत नाही ते बघ. मग पुढचं भांडू.