मदत हवी आहे : एचडी ६५० नंतर एचडी ८०० एस की एलसीडी-एक्स?

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन वापरतोय. गाणाऱ्याचा आवाज त्यात इतका जवळचा आणि सच्चा वाटतो की मधेच घेतलेला श्वाससुद्धा कळतो. हा गुण मला गमवायचा नाही. पण मोठा वाद्यवृंद लावला की सगळी वाद्यं डोक्यात दाटीवाटीने बसल्यासारखी वाटतात, आणि अगदी खालचा खर्ज विरून जातो.

आता दोन नावांवर अडलोय. सेनहायझरच्याच एचडी ८०० एसमध्ये ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) कानासमोर तिरका बसवलाय, त्यामुळे वाद्यं लांब, आपापल्या जागी उभी राहतात. मूळ एचडी ८०० मधला ६ किलोहर्ट्‌झजवळचा वरच्या पट्टीतला टोकदारपणा यात शोषक बसवून कमी केलाय म्हणे. कमी म्हणजे नक्की किती? तासभर सतार किंवा व्हायोलिन ऐकल्यावर कान थकतात का?

दुसरा ऑडिझीचा एलसीडी-एक्स, प्लेनर मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाच्या जोरावर सपाट पातळ पडदा हलवून आवाज काढणारा. थोडाच वेळ ऐकला, पण डग्ग्याची घुमक अंगावर आली! गायकाचा आवाज मात्र जरा मागे सरकल्यासारखा वाटला. शिवाय वजन ६०० ग्रॅमच्या वर.

माझा अ‍ॅम्प (हेडफोनला ताकद देणारा अँप्लिफायर) व्हॉल्व्हचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. एचडी ६५० सारख्या ३०० ओहम रोधाच्या हेडफोनशी त्याचं छान जमतं, २० ओहमच्या एलसीडी-एक्सला तो पुरेसा करंट देईल असं वाटत नाही.

दोन्ही निवांत ऐकलेलं कुणी आहे का? मुख्यतः ख्याल गायकी ऐकतो, त्या दृष्टीने सांगा.