पणजी ते कोची, २८ फुटी शिडाची होडी : दिशादर्शनासाठी कोणता संगणक घ्यावा?

उद्यमबागकर (बेळगाव)

नमस्कार. उद्यमबागेत माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. घाटाच्या वरच्या अंगाला राहूनही आम्हा तिघा मित्रांना सहा वर्षांपूर्वी शिडाच्या होडीचे वेड लागले, आणि तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार चोर्ला घाट उतरून मांडवीत जातात. होडी २८ फुटी, फायबरची, जुनी पण धड आहे. आजवर आम्ही आग्वाद ते मुरगाव, फार तर बेतूलपर्यंत, किनारा नजरेआड न होऊ देता फिरलो आणि तेवढ्यासाठी मोबाइलमधला नकाशा व होकायंत्र पुरत आले.

आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघून पणजी ते कोची आणि परत असा बेत आहे. एका बाजूचे अंतर सुमारे ३६० सागरी मैल भरते. दिवसा चालून रात्री बंदरात किंवा आडोशाला नांगर टाकायचा असे ठरले असले, तरी दोन-तीन रात्री समुद्रात काढाव्या लागतील. उपकरणाबाबत तिघांची तीन मते आहेत. एकाला सात इंची चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर होडीचे स्थान दाखवणारे यंत्र) हवा आहे. दुसरा म्हणतो की जुना लॅपटॉप पडून आहे, त्यावर ओपनसीपीएन ही दिशादर्शनाची संगणक-प्रणाली फुकट चालते, मग पैसे कशाला घालवायचे? माझे मन टॅबलेटकडे ओढते, कारण तो घरीही कामाला येईल. (घरी मंजुरी मिळवताना हेच कारण पुढे करावे लागणार आहे.)

होडीवर १०० अँपिअर-तासांची एक लेड-ॲसिड बॅटरी, केबिनच्या छतावर १०० वॉटचा सौर पॅनल आणि १० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. उपकरणांसाठी एकूण दीड लाखाच्या वर जाता येणार नाही. तिन्हींपैकी काय घ्यावे आणि आम्ही काय विसरतो आहोत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

उद्यमबागकर, संगणक निवडण्याआधी बॅटरीचा हिशेब मांडा. तुमचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तुमच्या १०० अँपिअर-तासांतले वापरायचे ५०. डिसेंबरात आपल्याकडे ऊन स्वच्छ असते, तरी सपाट बसवलेल्या आणि अधूनमधून शिडाच्या सावलीत येणाऱ्या १०० वॉटच्या पॅनलकडून दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तासांपेक्षा जास्त धरू नका. आता खर्चाची बाजू पाहा. सात इंची प्लॉटर साधारण १ अँपिअर घेतो, म्हणजे चोवीस तासांचे २४. व्हीएचएफ (होड्या-बंदरांशी बोलायचा रेडिओ) नुसता ऐकत ठेवला तरी दिवसाला दहाएक जातात. जुना लॅपटॉप सरासरी ४० वॉट धरला, तर तो एकटा दिवसरात्र चालवायला ८० अँपिअर-तास लागतात, आणि तो इन्व्हर्टरवर चालवला तर त्याहूनही अधिक, कारण १२ व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने पुन्हा त्याचे १९ करायचे, ह्या दोन्ही वेळा वीज वाया जाते. टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) जोडायचा, आपोआप दिशा धरणारा ऑटोपायलट घेणार असाल, तर त्याचे सरासरी १ ते २ अँपिअर वेगळे. थोडक्यात, लॅपटॉप फुकट नाही. त्याची किंमत तुम्ही डिझेलमध्ये मोजाल.

टॅबलेटबद्दल दोन गोष्टी. आयपॅड घेणार असाल, तर केवळ वाय-फायवाल्या प्रकारात जीपीएस नसते, सिमवाल्यात असते. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. कंपनी स्वतःच भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगते, आणि कोकण किनाऱ्यावर दुपारी दोन वाजता उघड्या कॉकपिटमध्ये ती मर्यादा सहज ओलांडली जाते. पडदा आधी मंद होतो, मग बंद. शिवाय पडद्यावर खारे तुषार उडाले की बोट न लावताही नकाशा इकडेतिकडे पळतो. म्हणून सुकाणूजवळ बटणे असलेला प्लॉटर आणि टॅबलेट केबिनमध्ये, असे मी सुचवेन.

दुसऱ्या फळीला, म्हणजे मुख्य यंत्र बंद पडल्यास, मी रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या संगणकावर ओपनसीपीएन चालवतो. पडदा बंद ठेवला तर त्याला जेमतेम ५ वॉट लागतात. मात्र ह्यात मी एकदा चांगलाच फसलो आहे. एका मित्राच्या होडीवर संध्याकाळी वेंगुर्ल्याच्या खडकांजवळ वारा पडला म्हणून आम्ही इंजिन सुरू केले. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्ट क्षणभर खाली आले, पाय बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला आणि त्या गडबडीत मेमरी कार्डावरची प्रणालीच खराब झाली. दीपगृह दिसत होते म्हणून निभावले. तेव्हापासून मी पायला व्होल्ट स्थिर ठेवणारा स्वतंत्र डीसी कन्व्हर्टर देतो आणि कार्डाऐवजी एसएसडी (अधिक टिकाऊ साठवण) वापरतो. तुमच्याकडे एकच बॅटरी आहे, म्हणजे इंजिन सुरू करणारी आणि उपकरणे चालवणारी तीच. दीड लाखातले पहिले पैसे दुसऱ्या बॅटरीवर घाला, प्लॉटर त्यानंतर.

खारे_वारे (निपाणी)

नौदलातून निवृत्त होऊन निपाणीत स्थायिक झालो आहे, त्यामुळे आता समुद्र वर्षातून एकदोनदाच. वरचा विजेचा हिशेब बिनचूक आहे. रास्पबेरी पायबाबत मात्र माझे मत वेगळे आहे : जे उपकरण बिघडल्यावर भर समुद्रात संगणकाच्या आज्ञा टंकाव्या लागतात, ते तिघांपैकी एकालाच चालवता येते, आणि नेमका तोच माणूस लाटांनी आडवा झालेला असतो. दुसरी फळी तिघांनाही झोपेतून उठून वापरता आली पाहिजे. प्लॉटर आणि टॅबलेट हीच जोडी ठेवावी.

आता चार्टविषयी, म्हणजे सागरी नकाशांविषयी, कारण तिन्ही मित्रांच्या वादात तो विषय कुठेच आलेला नाही. ओपनसीपीएन फुकट आहे, चार्ट फुकट नाहीत. अमेरिकेची सरकारी संस्था आपले इलेक्ट्रॉनिक चार्ट सर्वांना विनामूल्य देते, आपल्याकडे तसे नाही. आपल्या पाण्याचे अधिकृत चार्ट देहरादूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय काढते. तेच कागदीही छापते. प्लॉटर घेताना त्याच्या खासगी चार्टमध्ये कारवार ते कोचीपर्यंतची लहान बंदरे कितपत तपशिलाने दाखवली आहेत, हे दुकानातच पडद्यावर उघडून पाहा आणि मगच पैसे द्या.

चार्ट मोठा करून पाहिला म्हणून माहिती वाढत नाही आणि लहान करून पाहिला तर असलेली माहितीही लपते. २०१४ च्या नोव्हेंबरात जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंड ही नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोस ह्या प्रवाळ खडकांवर रात्री धडकली. नौकेवर अद्ययावत उपकरणे होती आणि खलाशी व्यावसायिक होते. चार्ट जितका लहान करून ते पाहत होते, तितक्यात तो धोका पुरेसा दिसतच नव्हता. म्हणून निघण्यापूर्वी घरी टेबलाशी बसून ठरवलेल्या मार्गाचा प्रत्येक मैल चार्ट मोठा करून तपासावा. हे कंटाळवाणे काम आहे, दोन रविवार घेईल, आणि तिघांनी स्वतंत्रपणे करावे.

अधिकृत इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये सर्वेक्षण किती भरवशाचे आहे याची प्रतवारी असते. ए-१ प्रतीत स्थानाची चूक ५ मीटरांच्या आत धरतात, बी प्रतीत ५० मीटर, तर सी प्रतीत ५०० मीटरपर्यंत. जीपीएस तुम्हाला काही मीटरांत अचूक स्थान दाखवील. पण खडकाचे स्थान शंभर वर्षांपूर्वी शिसे सोडून मोजलेले असेल, तर त्या अचूकपणाचा उपयोग काय?

कागदी वही अवश्य ठेवा. दर तासाला वेळ, अक्षांश-रेखांश, दिशा, वेग आणि खोली एवढेच टिपायचे. सगळी वीज गेली तरी तुमचे शेवटचे ज्ञात स्थान फार तर चार-पाच मैल जुने असेल, आणि तिथून होकायंत्र व घड्याळ यांवर पुढे जाता येते.

शेवटी बेताविषयी. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात आणि दुपारी वायव्येकडून खारे वारे जोर धरतात. म्हणजे कोचीकडे उतरताना वारा पाठीशी आणि परतताना तोंडावर. जाताना दिवसाचे ३०-३५ मैल सहज होतील, येताना तेवढेच मैल कापायला जवळजवळ दुप्पट वेळ धरा. इंजिन अधिक चालेल, माणसे दमलेली असतील आणि रजा संपत आलेली असेल. त्यामुळे कोचीआधी नोव्हेंबरात उत्तरेला विजयदुर्गपर्यंत, सुमारे ७० मैल, जाऊन या. त्या फेरीत कठीण भाग आधी येतो, आणि काही मोडलेच तर वारा तुम्हाला घराकडे आणतो. मालवणच्या आसपासचे खडक चार्टवर आणि डोळ्यांनी ताडून पाहण्यास दिवसाउजेडी उत्तम आहेत. खानापूरच्या डोंगरातून निघणाऱ्या म्हादईचे नाव दिलेली, गोव्यात बांधलेली नौका घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांनीही आधी मॉरिशसची सराव सफर केली होती.

माहेर_बेळगाव_सासर_कारवार

दादा, माझे सासर मासेमारीच्या धंद्यातले आहे, म्हणून संगणकांबद्दल नव्हे तर इतर चार गोष्टी लिहिते.

कारवारला आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे आणि अंजदीव बेटही नौदलाकडे आहे. जवळून फोटो काढण्याचा मोह टाळून बाहेरून जावे. किनारी पोलिसांना होडीचे नाव, माणसांची नावे आणि पुढचा मुक्काम आधी कळवून ठेवलात, तर प्रत्येक बंदरात तीच ती चौकशी कमी होते.

परदेशी व्हिडिओ पाहून उपग्रह फोन मागवू नका. थुराया आणि इरिडियमचे फोन दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाहीत आणि ह्या कारणाने पर्यटकांना अटक झालेली आहे. संदेश पाठवणारी छोटी उपग्रह यंत्रेही ह्याच अडचणीत येतात. त्याऐवजी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी (संकटात उपग्रहामार्फत संकेत पाठवणारे यंत्र) घ्या आणि त्याची नोंदणी बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात करा. नोंदणी नसेल तर संकेत मिळूनही कोण बुडते आहे हे त्यांना कळणार नाही. व्हीएचएफलाही परवाना लागतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तिघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सरकारी सागरी माहिती केंद्राकडून रोज मिळतो. आमच्या घरी तो पाहिल्याशिवाय होडी सुटत नाही.

एआयएसवर (जहाजे आपले स्थान रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) पडदा मोकळा दिसला म्हणजे समुद्र मोकळा आहे, असे रात्री समजू नका. मोठी जहाजे त्यावर दिसतात. लहान होड्यांवर ते यंत्र बहुधा नसते आणि पसरलेल्या जाळ्यांना तर नसतेच. जाळ्याच्या टोकाला कधी लुकलुकणारा दिवा असतो, कधी नुसता थर्माकोलचा तुकडा. रात्री एकाने बाहेर डोळे लावून बसलेच पाहिजे, आणि पंख्यात अडकलेले जाळे कापायला चांगला सुरा हाताशी हवा.

होन्नावरला शरावतीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. मामंजी म्हणतात की गेल्या वर्षीची वाट ह्या वर्षी नसते, त्यामुळे चार्टवर भरवसा ठेवून आत शिरू नये. भरती चढत असताना, एखादी स्थानिक होडी पुढे ठेवूनच आत जावे. तुम्हा बेळगावकरांना कन्नड येतेच. तिथे ते प्लॉटरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

उद्यमबागकर (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल तिघे बसलो आणि लॅपटॉपवाल्या मित्राने बॅटरीचा हिशेब वाचून स्वतःच माघार घेतली. दुसरी बॅटरी, बटणांचा प्लॉटर, ईपीआयआरबी, व्हीएचएफ आणि सिमवाला टॅबलेट एवढे ठरले आहे. पैसे उरले तर एआयएसचे नुसते संकेत पकडणारे यंत्र (रिसीव्हर) घेऊ. नोव्हेंबरात विजयदुर्गही पक्के. आता दोन शंका. माझ्याकडे जुना ०१८३ पद्धतीचा (होडीवरची उपकरणे एकमेकांना माहिती देतात ती जुनी एनएमईए पद्धत) जीपीएस आहे. तो आणि एआयएस एकाच तारेवर प्लॉटरला देता येतील का? आणि प्लॉटरचा कंस मी कारखान्यातच स्टेनलेसचा वाकवून करणार आहे, तो होकायंत्राशेजारी बसवला तर चालेल ना?

मलप्रभाकाठ (खानापूर)

एकाच तारेवर नाही. जुन्या पद्धतीत जीपीएस सेकंदाला ४८०० बिटांच्या वेगाने बोलते आणि एआयएस ३८,४०० च्या वेगाने. शिवाय त्या पद्धतीत एका तारेवर बोलणारा एकच असतो, ऐकणारे कितीही असोत. प्लॉटरला दोन स्वतंत्र प्रवेश असतील तर दोन्ही जोडा, नाहीतर मध्ये दोन्ही संदेश एकत्र करणारा मल्टिप्लेक्सर लागेल. नवी एनएमईए २००० पद्धत घेतलीत, तर मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाचे रोधक) बसवा आणि वीज बंद ठेवून दोन संदेशतारांमध्ये मीटर लावा. ६० ओहमच्या आसपास दाखवले तर जोडणी ठीक. १२० दाखवले तर एक टर्मिनेटर सुटला आहे.

खारे_वारे (निपाणी)

कंसाबाबत सावध राहा. ३०४ स्टेनलेस मुळात चुंबकाला दाद देत नसले, तरी थंड वाकवल्यावर बाकाशी थोडे चुंबकीय होते, हे तुम्हाला कारखान्यात दिसले असेलच. ३१६ त्या मानाने बरे, ॲल्युमिनियम उत्तम. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जेमतेम एक अंशाच्या आसपास असतो, त्यामुळे तुमच्या होकायंत्रात मोठी चूक शिरली, तर ती होडीवरच्या वस्तूंचीच असणार : स्पीकर, मोबाइल, तुमचा कंस. छिद्रे पाडण्याआधी कंस आणि सुरू केलेला प्लॉटर हातात धरून होकायंत्राजवळ न्या, आणि काटा ज्या अंतरावर हलायचा थांबतो, त्याच्या दुप्पट अंतरावर खूण करा.