पौल काही गप्प बसला नव्हता

ताई, जाऊबाई चारचौघांत घालूनपाडून बोलतात आणि घरचे म्हणतात 'देवावर सोड', असं तुम्ही लिहिलंय. वरच्या प्रतिक्रियेत कुणी 'मुकाट सोसा' म्हटलंय, ते मला नाही पटलं. बायबलमध्ये बघा, येशूचा प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोंडलं. मध्यरात्री दोघं स्तुतिगीतं गात होते. पण सकाळी 'जा आता' असा निरोप आल्यावर पौल अडून बसला, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये 16)! सूड देवाकडे, बोलणं आपल्याकडे. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक काकू टोमणा ऐकला की भांडी घासताना बायबलमधलं स्तोत्र 55 (जवळच्याच माणसानं दुखावल्यावरची प्रार्थना) म्हणतात, तेही मोठ्यानं. तुम्ही आधी प्रार्थना करा, मग नवऱ्याला सोबत घेऊन जाऊबाईंशी स्पष्ट बोला.