टेलीनोव्हेला नक्की कोणाची, लेखकाची की चॅनेलची?

रिकामटेकडा:
सध्या 'यो सोय बेट्टी, ला फेआ' ही कोलंबियाची टेलीनोव्हेला, म्हणजे लॅटिन अमेरिकेतली रोजची मालिका, सबटायटल लावून बघतोय (हो तीच, जिच्यावरून २००३ ला 'जस्सी जैसी कोई नहीं' आली). जस्सी थोडीफार आठवत होती म्हणून सहज लावली आणि आता सुटत नाहीये. लेखक फर्नांडो गाइतान, आधीची 'काफे कोन आरोमा दे मुहेर' पण त्याचीच, आणि दोन्हीकडे ऑफिसातली माणसं, पैशाचे घोळ, कोण कोणाला कसं तुच्छ बघतं हे सगळं एकाच हाताचं वाटतं. पण मग प्रश्न पडतो की जी गोष्ट रोज जाहिरातींच्या मधे कापून दाखवायची, रेटिंग चांगलं आलं की ताणायची, तिला एका माणसाची कलाकृती म्हणायचं का? की लेखक म्हणजे आपला पगारी कारकून? जाणकारांनी प्रकाश टाका.

पटकथावाली:
धंदा आधी आला, कला मागून, हे पहिलं मान्य करून टाकू. सुरुवातीला साबणवाल्या कंपन्याच या मालिकांचे पैसे भरायच्या. ब्राझीलच्या ग्लोबो चॅनेलचा टेलीनोव्हेला विभाग सांभाळणारी ग्लोरिया मागादान ही क्यूबाहून आलेली बाई, त्याआधी कोलगेट-पामोलिव्हसाठीच काम करायची. तिला राजेरजवाडे, वाळवंटातले शेख असलं काहीतरी लागायचं, ब्राझीलमधे ब्राझील सोडून सगळं. १९६७ ला 'अनास्तासिया' नावाची मालिका चालू होती, त्यात पात्रं इतकी झाली की कोण कुठे आहे कोणालाच कळेना आणि खर्च भरमसाट. मग जानेत क्लेरला बोलावलं. तिने काय केलं, तर भूकंप आणला, बहुतेक सगळी पात्रं मारली आणि गोष्ट वीस वर्षं पुढे नेली 😄 खर्च वाचला, मालिका वाचली. हीच बाई पुढे ब्राझीलची सगळ्यात मोठी टेलीनोव्हेला लेखिका झाली. आता हा भूकंप कला की धंदा तुम्हीच सांगा, मला तरी दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

कडूकारलं:
भूकंपाचा किस्सा भारीए पण तो तुमच्याच विरुद्ध जातोय ना, वरून ऑर्डर आली आणि तिने लिहिलं. १९९८ ची 'तोरे दे बाबेल' घ्या, सिल्व्हियो दे आब्रेउची. त्यातलं बायका-बायकांचं जोडपं प्रेक्षकांना पचलं नाही, तर मॉलच्या स्फोटात दोघीही गेल्या. ही कसली अभिव्यक्ती? आणि पेरूची १९६९ ची 'सिम्प्लेमेंते मारिया' आठवा, खेड्यातली मोलकरीण शिवणकाम शिकून मोठी होते, तर सिंगरची मशिनं धडाधड खपली. शेवटी मशिनच विकायचं असतं हो, बाकी रडारड पॅकिंगला.

पटकथावाली:
कारलेबुवा, मारियाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. बायकांनी मशिनं घेतली आणि शिवणाच्या क्लासलाही गर्दी केली, हे बघून मेक्सिकोतल्या मिगेल साबिदोच्या डोक्यात आलं की मशिन विकता येतं तर साक्षरता का नाही, आणि १९७५ ला त्याने प्रौढ शिक्षणावर 'वेन कोन्मिगो' काढली. दूरदर्शनची 'हम लोग' त्याच वाटेने आलेली आहे. जाहिरातदाराचंच हत्यार, फक्त हात बदलला.
मॉलच्या स्फोटाबद्दल मात्र बोलती बंद, ते वाईटच होतं.

उशिराची_गाडी:
कोणीच दियास गोमेसचं नाव घेत नाहीये म्हणून लिहितो. जानेत क्लेरचा नवरा, मुळात नाटककार, आणि डाव्या विचारांचा. लष्करी राजवटीने त्याचं एक नाटक बंद पाडलं होतं, तीच गोष्ट त्याने 'रोके सांतेइरो' नावाने टीव्हीवर आणायची ठरवली. एका गावाचा हुतात्मा, त्याच्या नावावर जत्रा, दुकानं, मूर्त्या सगळं चाललेलं, आणि एक दिवस तो माणूस जिवंतच परत येतो, मग ज्यांचं पोट त्याच्या मरणावर चालतं त्यांची तंतरते. सरकार त्याचा फोन ऐकत होतं त्यातून हे नाटकाचंच रूप आहे हे कळलं, आणि ऑगस्ट १९७५ ला पहिला भाग दाखवायच्या दिवशीच बंदी. कित्येक भाग शूट झालेले, सगळे डब्यात. रोजची वेळ तर भरायला हवी, मग ग्लोबोने आधी जुनी मालिका परत लावली आणि तेवढ्यात जानेत क्लेरने घाईघाईत 'पेकादो कापिताल' लिहिली, मुख्य नट जवळपास तेच. नवऱ्याच्या अडकलेल्या मालिकेची जागा बायकोने भरली, आणि ती चांगलीच गाजली. १९८५ ला लष्कर गेल्यावर 'रोके' नव्याने आली (तेव्हा आगिनाल्दो सिल्व्हा पण लिहीत होता) आणि अख्खा देश बघत बसला.
आता यात गंमत बघा, नुसता साबण विकणारी गोष्ट असती तर सेन्सॉरने फोन कशाला ऐकले असते?

रिकामटेकडा:
हे भन्नाट आहे, धन्यवाद. म्हणजे गोष्टच धंद्यावरची आणि दाखवली पण धंद्याच्याच चॅनेलवर. एक विचारायचं राहिलं, अमेरिकन सोप तीसतीस वर्षं चालतात, टेलीनोव्हेला संपते. हा फरक लेखकासाठी किती मोठा?

पटकथावाली:
माझ्या मते सगळ्यात मोठा. शेवट असला की लेखकाला काहीतरी म्हणता येतं, नाहीतर नुसतं पुढे ढकलायचं. तरी भाग लिहिताना आधीचे भाग टीव्हीवर चालू असतात, लोकांची पत्रं येतात, नट रुसतो, पावसात आउटडोअर रद्द, आणि उद्याची पानं तर आजच द्यायची. यात ज्याचा आवाज तरीही ओळखू येतो तो लेखक, बाकीचे कारकून. गाइतान ओळखू येतो, तुम्हीच वर लिहिलंय.

कडूकारलं:
बरं चला, गाइतान सोडला. पण मॉलवाला नाही.