जुन्या ऑनलाइन दुनियांची चटक: खेळ तसे होते की आपण तसे होतो?

जुनाट_विझर्ड (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका नव्या ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळात चौघांच्या गटात मिळून तीन तासांत चार डंजन (राक्षसांनी भरलेली भुयारं) संपवली. दर वेळी नवे तिघे. बारा जणांच्या चॅटमध्ये एकूण शब्द पडला एक: "जीजी" (गुड गेम). तोही मीच टाकलेला. एकाचंही नाव आठवत नाही. मग झोप येईना म्हणून १९९९ चा एव्हरक्वेस्ट आठवत पडलो.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जादूवालं पात्र घेतलं की "माना" (जादूची शक्ती) भरून काढायला जमिनीवर बसायचं आणि मंत्रांची पोथी उघडायची. ही पोथी ३५ व्या लेव्हलपर्यंत समोरचं सगळं दृश्य झाकून टाकायची. आजूबाजूला काय चाललंय ते दिसायचं नाही. खालची चॅट वाचायची आणि कानोसा घ्यायचा, बस्स. माझा विझर्ड २९ व्या लेव्हलला, गूकच्या खालच्या मजल्यावर, असाच पोथी उघडून बसला होता. चॅटमध्ये कुणीतरी बोंबललं, "ट्रेन टू झोन!" म्हणजे कुणाच्या तरी मागे बेडूकमाणसांची वरात लागलीये आणि तो बाहेरच्या दाराकडे पळतोय, वाटेत असाल तर सरका. मी पोथी मिटेपर्यंत वरात माझ्या अंगावरून गेली होती.

मेलं की अनुभवाचे गुण कापले जायचे, लेव्हलसुद्धा घसरायची. सामान सगळं प्रेतापाशी. आपण दूर कुठेतरी उघडेबोडके उठणार आणि इनोथुलची दलदल तुडवत परत येणार. मुदतीत प्रेत गाठलं नाही तर ते सामानासकट कुजलं. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा वाटेतच मेलो. शेवटी एका अनोळखी नेक्रोमॅन्सरने, म्हणजे मेलेल्यांची जादू करणाऱ्या पात्राने, माझी परवानगी घेऊन (त्यासाठी वेगळी कमांडच होती) प्रेत ओढत ओढत दारापर्यंत आणून दिलं. एक कवडीही न घेता.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या खेळांची मजा त्यांच्या गैरसोयीत होती. एकट्याने काही जमायचं नाही म्हणून माणूस माणसाशी बोलायचा. एकेक गैरसोय काढत गेले आणि तिच्याबरोबर माणसंही गेली. हे वयाचं रडगाणं वाटत असेल तर खुशाल तासा, पण कारण द्या.

तर्कट

चष्मा पुसून लिहितोय. :)

कारण देतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा असाच ऑनलाइन खेळ २००४ च्या नोव्हेंबरात आला. त्यातला रॅग्नरॉस हा बडा बॉस पहिल्यांदा पडायला २००५ चा एप्रिल उजाडला. मग "आम्हाला आमचा जुना खेळ परत द्या" असा लोकांनी वर्षानुवर्षं घोशा लावला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तो "क्लासिक" म्हणून दिला. तोच बॉस, तीच चाळिसाची रेड (चाळीस जणांनी मिळून करायची चढाई). जेमतेम आठवडाभर टिकला बिचारा.

गैरसोय सगळी होती तशी परत दिली होती. चालत जा, घोडा चाळिसाव्या लेव्हलला, पिशव्या लहान, सगळं. आणि लोकांनी काय केलं? पहिल्या दिवसापासून वेळापत्रकं, तक्ते, कुठलं हत्यार किती टक्के सरस याचे हिशोब. म्हणजे जादू खेळात नव्हती. तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचंही नव्हतं, एवढीच ती जादू. एव्हरक्वेस्टमध्ये धक्क्यावर बोटीची वाट बघत ताटकळणं याला आता "समाजजीवन" म्हणायचं असेल तर म्हणा. मी तेव्हा दुसऱ्या खिडकीत काहीतरी वाचत बसायचो.

पॅचपुराण

तर्कट, उदाहरण अर्धवट आहे. २०१९ चा क्लासिक म्हणजे २००४ चा खेळ नव्हे. तो पॅच (सुधारित आवृत्ती) १.१२ वर बेतलेला होता, म्हणजे २००६ मधलं, सगळी डागडुजी झालेलं रूप. टॅलेंट (पात्राची निवडलेली कौशल्यं) सुधारलेली, कित्येक वस्तू जोरदार केलेल्या. २००५ मध्ये अर्धी रेड साठाव्या लेव्हलला नुकती पोचलेली, अंगावर मिळेल ते चढवून आलेली. त्या दोन रॅग्नरॉसची तुलना करू नका.

आणि धागाकर्त्याला जी दुखरी तारीख हवी आहे ती मी देतो: डिसेंबर २००९, पॅच ३.३. डंजन फाइंडर (आपोआप गट जमवून देणारी सोय) आणि नकाशावर क्वेस्टच्या (कामगिऱ्यांच्या) खुणा, दोन्ही त्याच पॅचमध्ये आलं.

त्याआधी खेळातल्या बॅरन्स नावाच्या भागात मँक्रिक नावाचा ऑर्क "माझी बायको शोध" म्हणून पाठवायचा. कुठे, ते धड सांगायचा नाही. रोज चॅटवर तोच प्रश्न: मँक्रिकची बायको कुठाय? नऊ उत्तरं टवाळीची, दहावं खरं. पण ती टवाळी करणारी मंडळी पुढे ओळखीची व्हायची, कारण सगळे एकाच सर्व्हरवरचे. फाइंडरने गट जमवायला सुरुवात केली ती अनेक सर्व्हर एकत्र करून. लूट ढापून पळणाऱ्याला आम्ही "निंजा" म्हणायचो. आधी निंजाचं नाव सर्व्हरभर व्हायचं, त्याला कुणी गटात घ्यायचं नाही. फाइंडरनंतर तो कुठल्या गावचा हेच कळेना. नुकसान काय झालं ते एवढंच आहे. बोटी-बिटी सोडा हो.

तर्कट

मँक्रिकच्या बायकोचा पत्ता तेव्हाही थॉटबॉट या माहितीच्या साइटवर होता. विचारणारे आळशी होते.

मलमपट्टी

हीलर (गटातल्यांना बरं करणारं पात्र) म्हणून लिहिते, कारण रेडमध्ये बाकीचे बॉस बघतात, हीलर माणसं बघतो. चाळीस जणांच्या तब्येतीच्या चाळीस हिरव्या पट्ट्या. कोण घाबरला की पळतो, कोण पुढाऱ्याच्या मर्जीतला म्हणून चुकला तरी ओरडा खात नाही, सगळं पट्ट्यांवरून कळायचं.

खेळाचं आणि गिल्डचं (आमच्या कायमच्या टोळीचं) नाव घेत नाही. आठवड्याला चार रात्री रेड, हजेरीचे डीकेपी गुण. एक रात्र चुकली की गुण मागे, गुण मागे की वस्तू दुसऱ्याला. पहिल्या महिन्यात एकदा व्हॉइस चॅटवर बोलले, "डावीकडच्यांनी मागे या", एवढंच. पुढची दहा मिनिटं बॉस राहिला बाजूला, माझा आवाज हाच विषय. वय विचारलं, फोटो मागितला, एकाने गाणं म्हणायला सांगितलं. पुढाऱ्याने हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं की माइक बिघडलाय. तो दीड वर्ष बिघडलेलाच होता. कुणाला काही सांगायचं तर टाइप करायचे, आणि टाइप करत असताना एखादा मरायचा, मग त्याच्या शिव्या.

विझर्डसाहेब, गरज होती म्हणून माणसं एकमेकांना धरून होती, हे तुमचं बरोबर आहे. पण गरज असली की सोडून जाताही येत नाही. माझा सगळा सर्व्हर म्हणजे तेच गिल्ड होतं. बाहेर पडले असते तर "रेड अर्ध्यावर टाकणारी हीलर" म्हणून नाव फिरलं असतं, पॅचपुराण ज्या कीर्तीचे गोडवे गातायत तीच ही कीर्ती. निंजाचं नाव व्हायचं तसं माझंही झालं असतं. पुढे त्या खेळात एक बटण दाबून अनोळखी गट मिळायला लागला तेव्हा मी तिसऱ्या आठवड्यात गिल्ड सोडलं. ज्या "जीजी"वर तुम्ही उसासे टाकताय, तेवढ्याच बोलण्यावर मी चार वर्षं सुखाने खेळले.

जुनाट_विझर्ड

मलमपट्टी, याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या गिल्डमध्येही असं कुणी "माइक बिघडलेलं" होतं का, हे मला माहीत नाही, आणि माहीत नाही यातच काय ते आलं.

तरी तर्कटला एक सांगतो. तक्ते आणि हिशोब लोकांनी केले, मान्य. लिफ्ट बसवली की जिना कुणी चढत नाही. म्हणून जिन्यात शेजारी भेटायचे हे खोटं ठरत नाही.

तर्कट

जिन्यात शेजारी भेटायचे आणि गुडघेही जायचे.

लोकांना निवड दिली तेव्हा काय झालं ते बघा की. अल्टिमा ऑनलाइन, १९९७ चा. गावाबाहेर पडलात की कुणीही येऊन मारावं, लुटावं, तुमच्या प्रेतावर नाचावं. आज त्याचे पोवाडे गाणारे पुष्कळ आहेत (बहुतेक सगळे तेव्हाचे लुटारू, असा माझा संशय). २००० मध्ये दुनियेच्या दोन प्रती केल्या. फेलुक्कात जुने नियम, ट्रॅमेलमध्ये तुमच्या मर्जीशिवाय तुम्हाला कुणी मारू शकत नाही. कुणी बळजबरी केली नव्हती. घरदार उचलून बहुतेक जनता ट्रॅमेलला गेली, आणि लुटारू फेलुक्कात बसले एकमेकांची तोंडं बघत. मेंढ्या गेल्या की लांडग्यांना जंगल सुनं वाटतंच.

पॅचपुराण

शेवटचं वाक्य झकास, पण त्या मेंढ्यांपैकीही अनेक जण नंतर म्हणाले की फेलुक्कातून जीव मुठीत धरून घरी पोचण्याची सर ट्रॅमेलला नाही. निवड एक आणि आवड दुसरी, असं असू शकतं. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्या कुणालाही विचारा.

उशिरा_उगवलेला

एव्हरक्वेस्ट आला तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळे माझ्यावर स्मरणरंजनाचा आरोप चालणार नाही.

मी क्लासिकचे हार्डकोर सर्व्हर खेळतो, २०२३ च्या ऑगस्टपासूनचे. एकदा मेलात की पात्र संपलं. वेस्टफॉलच्या एका खाणीत १६ व्या लेव्हलला होतो. आत कोबोल्ड, एकाला छेडलं की तीन येणार. तोंडाशी एक पॅलाडिन (बरं करता येणारा योद्धा) उभा होता. बोलला नाही, हललाही नाही. मला वाटलं, कुणी तरी खेळ चालू ठेवून उठून गेलंय. मी आत शिरलो तसा तो मागून आला. मी थांबलो की तो थांबायचा. माझी तब्येत अर्ध्यावर आली की न सांगता बरं करायचा. पाऊण तास आम्ही दोघं त्या खाणीत होतो आणि एक अक्षर टाइप झालं नाही. बाहेर आल्यावर त्याने वाकून नमस्कार केला, मी केला, तो निघून गेला. पाच दिवसांनी मृत्यूच्या चॅनलवर त्याचं नाव आलं, लेव्हल २४. मी कीबोर्डवरून हात काढून बसून राहिलो.

म्हणून मला धागाकर्ते आणि तर्कट दोघंही चुकलेले वाटतात. गैरसोयीचं मला काही पडलेलं नाही, नकाशावर खुणा करणारं ॲडऑन मीसुद्धा लावतो. आणि अज्ञान म्हणाल तर गाइड वाचूनच उतरलो होतो. फरक पडतो तो गमावण्यासारखं काही आहे की नाही याने. विझर्डकाकांचं प्रेत कुजणार नसतं तर त्या नेक्रोमॅन्सरची त्यांना आज आठवणही नसती.

मलमपट्टी

हे पटतंय. आणि त्या पॅलाडिनला माइक लागला नाही, हेही बघा.

तर्कट

उगवलेला, तुमचा मुद्दा या धाग्यातला पहिला दमदार मुद्दा. विचार करतो.

तोवर काकांना एक प्रश्न. तेव्हा म्हणे सगळे सगळ्यांना नावाने ओळखायचे. मग तुमच्या त्या देवमाणसाचं नाव काय होतं?

जुनाट_विझर्ड

नाव आठवत नाही. पकडलंत.

पण एव्हरक्वेस्टला चॅट फाइलमध्ये उतरवून ठेवायची सोय होती आणि मी ती कायम चालू ठेवायचो. जुनी डिस्क काढली, दोन संध्याकाळी घालवल्या, ती रात्र सापडली. लाज वाटतेय, पण टाकतो.

मी ४० मिनिटं दलदलीत मदतीसाठी ओरडत होतो. दोघांनी "एलओएल" टाकलं. एकाने सांगितलं, ज्या गटाने ट्रेन आणली त्यांनाच विचार. नेक्रोमॅन्सर आला तो माझं ओरडणं ऐकून नाहीच. त्याला स्वतःच्या मित्राचं प्रेत काढायचं होतं, माझं वाटेत पडलेलं होतं. प्रेत दाराशी ठेवल्यावर त्याने लिहिलंय, "२० प्लॅट?" (म्हणजे प्लॅटिनमची नाणी). मी लिहिलंय, "नेक्स्ट टाइम". त्याने लिहिलंय, "के". पुढच्या ओळीला मी लॉग-ऑफ. त्याच्या नावापुढे आमचं पुन्हा बोलणं झाल्याची एकही नोंद अख्ख्या फाइलमध्ये नाही.

"थँक्स" शोधलं. तेही नाही.

तर्कट

म्हणजे कवडी घेतली नाही हे खरं आहे. तुम्ही दिलीच नाहीत.

पॅचपुराण

सव्याज किती झाले असतील हो वीस प्लॅटिनम?